‘आणि’ला थोडी सुट्टी द्या

श्रोतेहो, नमस्कार.

तिसरी-चौथीतल्या मुलाची निबंधाची वही उघडून बघा. ‘आम्ही शेतात गेलो. तिथे विहीर आहे. मी केळी खाल्ली.’ सगळी वाक्यं तुटक. ‘जरा जोडून लिही’ म्हटलं, की तेच पोर जिथे तिथे ‘आणि’ टाकतं. बोलताना मात्र त्याला ‘पण’, ‘नाहीतर’, ‘म्हणून’ शोधावे लागत नाहीत, मग घरात अहिराणी असो की लेवा गणबोली. म्हणून वही मिटा आणि तोंडी सुरुवात करा.

दोन छोटी वाक्यं द्या. ‘केळीचे घड कापले. ट्रक आला नाही.’ मधे काय घालशील? ‘आणि’ म्हणालं तर चूक नाही, नुसती बातमी झाली. पण रावेर-यावलकडचं पोर थोडं थांबून ‘पण’ म्हणेल. कापलेला माल बांधावर पडून राहिला की घरात काय होतं, ते त्यानं पाहिलेलं असतं. आता वाक्यं फिरवा : ‘ट्रक आला नाही. घड कापले नाहीत.’ इथे ‘म्हणून’च हवं. हा खेळ भाकरी थापता थापताही होतो.

खरी गंमत पुढे आहे. ‘राजू बाजारात गेला. राजूने भरताची वांगी आणली.’ जोडताना पोर लिहितं, ‘राजू बाजारात गेला आणि वांगी आणला.’ रागावू नका. ‘गेला’ राजूप्रमाणे बदलतं, ‘आणली’ मात्र वांग्यांप्रमाणे. दुसऱ्या भागात ‘त्याने’ घालायला सांगा. ‘त्याने वांगी आणला’ हे त्याच्याच कानाला खटकेल.

‘आई पहाटे उठून, पाणी भरून, भाकऱ्या करून शेतात गेली.’ हे वाक्य लांबलचक, पण संयुक्त, म्हणजे दोन पूर्ण वाक्यं जोडून झालेलं, नाही. पूर्ण क्रियापद एकच, ‘गेली’. आणि ‘जर पाऊस आला, तर पेरणी करू’ यात पहिला भाग एकटा अडखळतो, म्हणून ते मिश्र. ही नावं तुम्हाला ठाऊक असू द्या. चौथीतल्या पोराकडून व्याख्या पाठ करून घेण्याची घाई मला तरी पटत नाही.

आणि हो, जोडायची चटक लागली की पोर काहीही जोडत सुटतं. तेव्हा एखादं वाक्य पुन्हा तोडायला लावा. ‘पाऊस आला. वेचणीला आलेला कापूस भिजला.’ इथे मधे काही नसलेलंच बरं.

नमस्कार.