माडावरचं पांढरं मॉस

मित्रांनो, इथे येताना मी कुळागरात एका माडापाशी थांबले. बुंध्यावर, सहज हात पोचेल एवढ्या उंचीवर, पांढुरके हिरवे पुंजके होते. फोंड्याच्या माणसाला ते नवे नाहीत. आपण त्यांना शेवाळ म्हणतो, आणि चिऱ्याच्या पायरीवर पाय घसरवणाऱ्या थरालाही शेवाळच. पायरीवरचं ते बहुधा शैवाल, ज्याला खोड-पानं नसतात. माडावरच्याला मात्र इवलंसं खोड आहे, पानं आहेत, बारीक देठावर बीजाणूंची कुपी येते. ते मॉस.

याचं नाव ऑक्टोब्लेफरम अल्बिडम. लाइपझिगचे हेडविग, पेशाने डॉक्टर, त्यांनी ते दिलं. त्यांचा ग्रंथ 1801 साली, त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. स्फॅग्नम नावाचं मॉस सोडलं तर मॉसची शास्त्रीय नावं आजही त्या ग्रंथापासूनच धरतात. हेडविग कुपीच्या तोंडाकडे बघत. झाकण गळलं की तिथे दातांची झालर दिसते. हवा दमट-कोरडी होईल तशी ती हलते आणि बीजाणू सुटतात. पुष्कळ मॉसना 16 दात, काहींना 32 किंवा 64. आपल्या माडावरच्याला 8. म्हणून नाव पडलं 'आठ पापण्यांचं'.

आता पांढरेपणाकडे या. सुकलेलं एक पान काढून त्यावर पाण्याचा थेंब सोडा. पांढरं पान बघता बघता हिरवट होतं. पान जवळजवळ सगळं मधल्या शिरेचंच असतं: वर-खाली रिकाम्या, भोकं असलेल्या पेशींचे थर आणि मध्ये हिरव्या पेशी. रिकाम्या पेशींत पाणी भरलं की आतला हिरवा दिसतो, हवा भरली की पान पांढरं. उन्हात तापणाऱ्या माडावर राहायचं तर ही सोय मोलाची.

पश्चिम घाटाच्या ओल्या रानात ल्युकोब्रियम नावाचं मॉस आहे, तेही असंच पांढरं, तशाच पानांचं. त्यामुळे दोघांना बराच काळ एकाच कुळात घातलं होतं. पण ल्युकोब्रियमला 16 दात, तेही अर्ध्यापर्यंत दुभंगलेले. पुढे डीएनए तपासला, तेव्हा दोघांची घराणी वेगळी निघाली. पाणी धरणारं तेच पान निसर्गाने दोनदा, दोन ठिकाणी घडवलं होतं! मला या विषयात सगळ्यात जास्त हेच भावतं.

मग दातांवरच विसंबायचं का? तेही पुरत नाही. ऑक्टोब्लेफरम ज्याच्या जवळचं ठरलं, त्या कॅलिम्परिस नावाच्या मॉसच्या कुपीला दातच नसतात. तेही आपल्याकडे झाडांच्या सालीवर वाढतं, आणि पानाच्या टोकाला पेशींचे बारीक झुबके धरतं. ते गळून नवी रोपं होतात. ऑक्टोब्लेफरमला आज काहीजण कॅलिम्परिसच्याच कुळात घालतात, काहीजण वेगळं कुळ मानतात. वाद अजून चालू आहे.

म्हणून नमुने हवेत, आणि कुपीसकट हवेत. पावसात पुंजका दिसला तर चिमूटभरच काढा, बाकी राहू द्या. वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी करा. प्लास्टिकमध्ये तो कुजतो. पुडीवर तारीख, गाव, झाड, जमिनीपासून किती हात उंच आणि ऊन कुठल्या बाजूने येतं, एवढं लिहा. सावलीत सुकलेला हा पुंजका कित्येक वर्षांनी पाण्यात टाकला तरी पानं पुन्हा पसरतात, आणि भिंगाखाली आठ दात मोजता येतात.