आकड्यामागचा नियम

श्रोतेहो, नमस्कार.

आपलं कोल्हापूर फुटबॉलचं गाव. तरीही शाळेतल्या प्रश्नमंजूषा असोत, पेठेतल्या तालमीसमोरच्या गप्पा असोत की स्पर्धा परीक्षेची तयारी, कसोटी क्रिकेटचे प्रश्न हमखास निघतात. उत्तरं पाठ केलेली असतात आणि पाठ केलेली उत्तरं आठवडाभरात एकमेकांत मिसळतात. आकडा कसा तयार झाला आणि कोणत्या नियमामुळं तो तसाच पडला हे एकदा समजलं, तर तो विसरत नाही. शिवाय चुकीचा आकडा समोर आला तर लगेच खटकतो. म्हणून आज मोजकेच आकडे घेऊ, पण ते उलगडून बघू.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो टाय आणि अनिर्णित यांच्यात. दोन्ही संघांच्या एकूण धावा सारख्या झाल्या की सामना टाय, असं बरेच जण धरून चालतात. नियम तसा नाही. धावा समान हव्यात आणि शेवटी फलंदाजी करणाऱ्या संघाचा डाव संपलेला हवा. गडी शिल्लक असताना वेळ संपली तर सामना अनिर्णित, मग धावा कितीही जुळोत.

आता हे चार सामन्यांवर लावून बघा. डिसेंबर 1960, ब्रिस्बेन. वेस्ट इंडीज 453 आणि 284, ऑस्ट्रेलिया 505 आणि 232. बेरीज करा, दोन्हीकडं 737. त्या काळी ऑस्ट्रेलियात आठ चेंडूंचं षटक होतं. वेस हॉलच्या शेवटच्या षटकात ऑस्ट्रेलियाला 6 धावा हव्या होत्या आणि तीन गडी हातात होते. बेनॉ झेलबाद, ग्राउट धावचीत, आणि सातव्या चेंडूवर जो सॉलोमननं बाजूनं थेट यष्टीवर फेक करून मेकिफला धावचीत केलं. दहावा गडी बाद, धावा समान, म्हणून टाय. कसोटीच्या इतिहासातली पहिली.

दुसरी टाय सप्टेंबर 1986 मधली, मद्रासची. ऑस्ट्रेलिया 7 बाद 574 आणि 5 बाद 170, दोन्ही डाव घोषित. भारत 397 आणि 347. दोन्हीकडं 744. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग मॅथ्यूजच्या शेवटच्या षटकात भारताला चार धावा हव्या होत्या. रवी शास्त्रीनं दोन आणि मग एक अशा तीन काढल्या, धावसंख्या बरोबरीत आली आणि समोर आला शेवटचा फलंदाज मणिंदर सिंग. या क्षणी भारत हरू शकत नव्हता. पाचव्या चेंडूवर मणिंदर पायचीत दिला गेला, म्हणून टाय. त्यानं तो आणि पुढचा एक चेंडू नुसता अडवला असता, तर हाच सामना अनिर्णित म्हणून नोंदला गेला असता आणि कसोटीतल्या टायच्या यादीत आजही एकच नाव राहिलं असतं. कारण आजवर या दोनच टाय झाल्या आहेत.

आता धावा समान, पण अनिर्णित. 1996 च्या डिसेंबरात बुलावायोला झिम्बाब्वे 376 आणि 234, इंग्लंड 406 आणि 6 बाद 204. दोन्हीकडं 610. इंग्लंडचे चार गडी शिल्लक, म्हणून अनिर्णित. दुसरा सामना आपल्या वानखेडेवरचा, नोव्हेंबर 2011. वेस्ट इंडीज 590 आणि 134, भारत 482 आणि 9 बाद 242. दोन्हीकडं 724. शेवटच्या चेंडूला भारताला दोन धावा हव्या होत्या. अश्विननं फटका मारला, एक धाव पूर्ण झाली आणि दुसरी घेताना तो धावचीत झाला. हा गडी नववा होता, दहावा नव्हे. म्हणून टाय नाही. त्या दुसऱ्या धावेसाठी पळण्यात भारताचं काहीच जाणार नव्हतं: पोहोचला तर विजय, नाही पोहोचला तर अनिर्णित आणि थांबला तरी अनिर्णितच. याच सामन्यात अश्विननं शतक केलं होतं आणि नऊ बळीही घेतले होते, ते या गडबडीत लोकांच्या लक्षातच राहत नाही.

आता सरासरी. ब्रॅडमनची 99.94 सगळ्यांना पाठ आहे. ती आली कुठून? 52 कसोटी, 80 डाव, 6996 धावा. ऐंशीनं भागलं तर येतात 87.45. इथंच पोरं अडकतात. भागायचं असतं ते डावांनी नव्हे, तर किती वेळा बाद झाला त्या संख्येनं. ब्रॅडमन 10 वेळा नाबाद राहिला, म्हणून भाजक 70. 6996 भागिले 70, बरोबर 99.94.

ऑगस्ट 1948 मध्ये ओव्हलवर तो शेवटच्या डावाला उतरला तेव्हा त्याची सरासरी 101.39 होती, कारण तोपर्यंत भाजक 69 होता. एरिक हॉलीजनं दुसऱ्याच चेंडूवर त्याचा शून्यावर त्रिफळा उडवला. धावा त्याच राहिल्या, भाजक एकानं वाढला आणि सरासरी शंभराच्या खाली आली. चार धावा करून बाद झाला असता तर 7000 भागिले 70, नेमके शंभर. एकही धाव न करता नाबाद राहिला असता तरी 101.39 तशीच टिकली असती. दुसऱ्या डावात संधी मिळाली असती, पण इंग्लंडचा पहिला डाव 52 धावांत संपला होता आणि ऑस्ट्रेलियानं सामना डावानं जिंकला. स्वतःच्याच संघाच्या एवढ्या मोठ्या विजयामुळं त्याची शेवटची संधी गेली, ही गोष्ट मला त्या चार धावांपेक्षा जास्त चटका लावते.

एका डावात दहाच्या दहा बळी. जिम लेकर, 1956, ओल्ड ट्रॅफर्ड, 53 धावांत 10. अनिल कुंबळे, फेब्रुवारी 1999, दिल्ली, 26.3 षटकांत 74 धावांत 10. एजाझ पटेल, डिसेंबर 2021, मुंबई, 119 धावांत 10. तीनच नावं. हे इतकं अवघड का? सलग दोन षटकं एकच गोलंदाज टाकू शकत नाही, म्हणजे निम्मी षटकं दुसऱ्यांच्या हातात असतात. आणि एक जरी फलंदाज धावचीत झाला तर संपलं, कारण धावचीत गोलंदाजाच्या खात्यात जात नाही. लेकरनं त्या सामन्यात 90 धावांत 19 बळी घेतले. दुसऱ्या टोकाला टोनी लॉक होता, चांगला डावखुरा फिरकी गोलंदाज. त्यानं सामन्यात 69 षटकं टाकली आणि त्याला मिळाला एक बळी. दिल्लीत कुंबळेचे नऊ झाल्यावर श्रीनाथ मुद्दाम यष्टीपासून दूर चेंडू टाकत होता. एजाझ पटेलचा जन्म मुंबईचा. सामन्यात 14 बळी घेऊनही त्याचा न्यूझीलंड संघ 372 धावांनी हरला.

धावफलक तपासायची एक रीत सांगतो. शास्त्रीनगर मैदानावर स्कोअरबुक घेऊन बसणाऱ्यांनाही ती उपयोगी पडेल. फलंदाजांच्या धावा अधिक सगळ्या अवांतर धावा बरोबर एकूण धावा. दुसऱ्या बाजूनं, सगळ्या गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय अधिक लेगबाय बरोबर तीच एकूण. समजा फलंदाजांच्या 171, बाय 4, लेगबाय 3, वाइड 5, नोबॉल 2. एकूण 185. मग गोलंदाजांच्या रकान्यांची बेरीज 178 यायला हवी, कारण वाइड आणि नोबॉल गोलंदाजाच्या माथी, बाय आणि लेगबाय नाहीत. जमलं नाही तर चूक बहुधा नोबॉलमध्ये असते. नोबॉलवर बॅटनं चौकार मारला तर फलंदाजाला 4, अवांतर 1, गोलंदाजाच्या खात्यात 5. घाईत पाचही धावा अवांतरात लिहिल्या जातात आणि फलंदाजाचा चौकार गायब होतो. यष्टिरक्षकामागं जमिनीवर ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागून मिळणाऱ्या पाच धावा दंडाच्या. त्याही गोलंदाजाच्या नावावर नाहीत.

हीच रीत जुन्या कसोटीच्या फलकाला लावली तर बेरीज जुळणार नाही. घाबरू नका. वाइड आणि नोबॉल गोलंदाजाच्या खात्यात घालायला सुरुवात झाली ती 1980 च्या दशकात. त्याआधी ते नुसते अवांतर असत.

बळींचंही असंच. 2001 च्या मार्चमध्ये चेन्नईत स्टीव्ह वॉनं पॅडला लागून उडालेला चेंडू हातानं बाजूला केला आणि तो ‘चेंडू हाताळला’ म्हणून बाद झाला. 3 बाद 340 वरून ऑस्ट्रेलिया 391 त संपली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बंगळूरला मायकेल वॉन तसाच बाद झाला. कसोटीत असे सातच फलंदाज. आठवा कधी होणार नाही, कारण 2017 च्या नियमावलीत हा प्रकार ‘क्षेत्ररक्षणात अडथळा’ यात मिसळला गेला. म्हणून 2023 मध्ये मिरपूरला मुशफिकुर रहीमनं चेंडूला हात लावला तेव्हा फलकावर ‘अडथळा’ असं लिहिलं गेलं. त्याआधी अडथळ्यासाठी बाद झालेला कसोटीतला एकच, लेन हटन, ओव्हल, 1951.

‘टाइम्ड आउट’, म्हणजे वेळेत फलंदाजीला न पोहोचल्यामुळं बाद, कसोटीत अजून कुणीही नाही. अँजेलो मॅथ्यूज तसा बाद झाला तो 2023 च्या विश्वचषकात, एकदिवसीय सामन्यात. कसोटीत नव्या फलंदाजाला तीन मिनिटं मिळतात. 2007 मध्ये केपटाऊनला सचिन आधी मैदानाबाहेर राहिल्यामुळं लगेच उतरू शकत नव्हता, तयारीत नसलेल्या गांगुलीला यायला सहा मिनिटं लागली. ग्रॅमी स्मिथनं अपील केलं नाही, आणि अपिलाशिवाय पंच बाद देत नाहीत.

आता आपल्या गावच्या माणसाविषयी, कारण त्यांचा आकडा दरवेळी चुकीच्या खणात टाकला जातो. भाऊसाहेब निंबाळकर, जन्म कोल्हापूर, 1919. डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून नाबाद 443. वेळ 494 मिनिटं, 49 चौकार, एक षटकार. के. व्ही. भांडारकरांच्या 205, दोघांची भागीदारी 455. ब्रॅडमनच्या नाबाद 452 या तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी करायला नऊ धावा हव्या होत्या. महाराष्ट्र 4 बाद 826 असताना विश्रांतीत काठियावाडच्या कर्णधारानं सामना सोडून दिला. क्रिकेटच्या नियमात संघाला पराभव मान्य करता येतो. समोरचा संघ खेळायला तयार नसेल तर नाबाद फलंदाजाच्या हातात काही उरत नाही.

ही खेळी रणजी करंडकातली, म्हणजे प्रथम श्रेणीतली. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली ती आजही सर्वोच्च आहे. कसोटीतली भारतीय सर्वोच्च मात्र सेहवागची 319, चेन्नई, 2008. निंबाळकरांना अधिकृत कसोटी एकही मिळाली नाही. चारशेच्या पुढं जाऊनही कसोटी न खेळलेले ते एकटेच, असं जुन्या पुस्तकांत असतं. ते 2022 पर्यंत खरं होतं. त्या वर्षी ग्लॅमॉर्गनच्या सॅम नॉर्थईस्टनं नाबाद 410 केल्या, तोही कसोटी खेळलेला नाही.

कसोटीत समोरच्याला विजय बहाल झाला तो एकदाच, ऑगस्ट 2006 मध्ये ओव्हलवर. चेंडू कुरतडल्याचा ठपका ठेवून पंचांनी पाकिस्तानला पाच धावांचा दंड केला, चहापानानंतर संघ वेळेवर मैदानात आला नाही, आणि 4 बाद 298 वर, अजून 33 धावांनी मागं असलेला इंग्लंड विजयी ठरला. 2008 मध्ये आयसीसीनं निकाल बदलून अनिर्णित केला आणि 2009 मध्ये पुन्हा इंग्लंडचा विजय कायम केला. त्या मधल्या महिन्यांत छापलेलं पुस्तक हाताशी असेल तर उत्तर चुकणारच.

फॉलोऑनबद्दल, म्हणजे पहिल्या डावात मागं पडलेल्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला उतरवण्याबद्दल, थोडक्यात. पाच दिवसांच्या सामन्यात 200 धावांची आघाडी लागते. पण पहिला पूर्ण दिवस पावसानं गेला तर तो चार दिवसांचा धरतात आणि 150 पुरतात. फॉलोऑननंतर जिंकलेल्या कसोटी चार: सिडनी 1894, हेडिंग्ले 1981, कोलकाता 2001 आणि वेलिंग्टन 2023. शेवटची तर एका धावेनं.

शेवटी बापू नाडकर्णी. नाशिकचे, डावखुरे. जानेवारी 1964 मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा, बळी शून्य. त्यात सलग 21 षटकं निर्धाव. 21 गुणिले 6 म्हणजे 126, पण सलग धाव न दिलेले चेंडू 131 आहेत, कारण मागच्या-पुढच्या षटकांतलेही त्यात येतात. आता ‘सलग सर्वाधिक निर्धाव’ असा प्रश्न कुणी टाकला तर आधी विचारा, षटकं की चेंडू? दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफील्डनं 1957 मध्ये डर्बनला सलग 16 षटकंच निर्धाव टाकली, पण तिथं तेव्हा षटक आठ चेंडूंचं होतं. त्याचे चेंडू भरतात 137. षटकांत नाडकर्णी पुढं, चेंडूंत टेफील्ड. प्रश्नात नेमकं लिहिलं नसेल, तर दोन्ही उत्तरांना गुण द्यायला हवेत.