पाळी थांबली म्हणजे अंडाशय थांबले असं नाही

नमस्कार. पाळी सुरू असतानाच्या वयात स्तनाचा कर्करोग झाला आणि आता हॉर्मोनचे उपचार सुरू आहेत, अशा मैत्रिणींसाठी आजचं बोलणं.

तुमच्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह लिहिलंय, म्हणजे ती गाठ स्त्रीहॉर्मोनवर पोसत होती. म्हणून टॅमॉक्सिफेन: २० मिलिग्रॅम, रोज, पाच वर्षं, काहींना दहा. ही गोळी इस्ट्रोजेन, म्हणजे हे स्त्रीहॉर्मोन, कमी करत नाही, पेशीवरची त्याची जागा अडवते. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊ नका. नैराश्यासाठी पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. त्यांच्यामुळे शरीरात टॅमॉक्सिफेनचं प्रभावी रूप कमी तयार होतं.

आजार परतण्याचा धोका जास्त असेल, तर अंडाशय झोपवणारं इंजेक्शनही देतात. गोसेरेलिन ३.६ मिलिग्रॅम, पोटाच्या कातडीखाली, दर २८ दिवसांनी. महिन्याची तारीख धरू नका, दिवस मोजा. या इंजेक्शनबरोबर टॅमॉक्सिफेन तरी असतं, नाहीतर लेट्रोझोल, एक्झेमेस्टेन यांसारखी, शरीरात इस्ट्रोजेन तयार होणंच कमी करणारी गोळी.

खरी गफलत इथेच होते. किमोमुळे पाळी बंद पडते, ती कायमची गेली असं वाटतं, आणि इंजेक्शनशिवाय नुसतं लेट्रोझोल सुरू होतं. पण चाळिशीच्या आतबाहेरच्या बाईचे अंडाशय काही महिन्यांनी, कधी वर्षानंतरही, पुन्हा जागे होतात. त्यात लेट्रोझोलने इस्ट्रोजेन उतरलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी अंडाशयांना आणखी जोराने कामाला लावते. औषध चालू, आणि इस्ट्रोजेन उलट वाढतंय! अशा गोळीवर असताना रक्तस्राव दिसला, अगदी डागाएवढाही, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवा. हा उपचार हाडंही विरळ करतो, तेव्हा हाडांची डेक्सा तपासणी करून घ्या.

पाळी नसतानाही दिवस राहू शकतात, आणि या औषधांनी गर्भाला अपाय होतो. गर्भनिरोधक गोळ्या मात्र चालणार नाहीत, त्यांत हॉर्मोनच असतात. निरोध किंवा कॉपर टी वापरा. मूल हवं असेल तर लपवू नका. काही जणींना साधारण दीड ते अडीच वर्षांच्या उपचारानंतर, ठरवून, काही काळ गोळी थांबवता येते. ती मनाने बंद करू नका.

टॅमॉक्सिफेन घेताना एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.