लॉकरच्या दोन किल्ल्या

नमस्कार. वाचनालयाच्या कार्यकारिणीने मला ऑनलाइन सुरक्षिततेवर बोलायला सांगितलं. मी त्यावरच बोलणार आहे, पण ही सुरक्षितता ज्यांच्यासाठी आहे म्हणतात त्यांच्या बाजूने. एकतीस वर्षं मी बँकेत काढली, त्यातली बरीचशी काउंटरवर. तेव्हा माझी तक्रार कुलूप नको म्हणणाऱ्याची नाही. कुलूप हवंच. मला विचारायचं आहे ते किल्लीबद्दल, म्हणजे ऑनलाइन खात्यात पासवर्डनंतर मागितल्या जाणाऱ्या दुसऱ्या पुराव्याबद्दल.

बँकेचा लॉकर कसा उघडतो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. आधी बँकेचा माणूस त्याची मास्टर किल्ली फिरवतो, मग आपण आपली. कुणा एकट्याला तो उघडत नाही. एटीएममध्येही आपण दोन गोष्टी लावतो, हातातलं कार्ड आणि डोक्यातला पिन. कार्ड हरवलं तरी सापडणाऱ्याला पिन ठाऊक नसतो, पिन कुणी खांद्यावरून पाहिला तरी कार्ड आपल्या खिशात असतं. एक जवळ असलेली वस्तू आणि एक माहीत असलेली गोष्ट. ऑनलाइन खात्याची 'टू-फॅक्टर', म्हणजे दोन टप्प्यांची पडताळणी, ती एवढीच, आणि कल्पना म्हणून ती उत्तम आहे.

आता लॉकरची किल्ली हरवली तर काय होतं, ते सांगतो, कारण ते मी अनेकदा पाहिलं आहे. बाई घाबरून शाखेत येतात. आम्ही त्यांना बसवतो, पाणी देतो, अर्ज लिहून घेतो. नमुना सही जुळवतो, ओळखीची कागदपत्रं बघतो. लॉकर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस येतो, बाईंच्या समोर लॉकर फोडतो, नवं कुलूप बसवतो. खर्च बाईंना द्यावा लागतो, कधी दोन-तीन आठवडे जातात. पण त्यांचं मंगळसूत्र त्यांना मिळतं. किल्ली हरवली म्हणून 'तुम्ही तुम्ही नाहीच' असं आम्ही कधी कुणाला म्हटलं नाही.

माझी मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. काका गेल्यावर ती काही महिने नाशिकला मुलीकडे राहिली. तिथे लेकीचाच फोन वापरायची, स्वतःचा कपाटात बंद. रिचार्ज संपलं, वापर नव्हता, नंबर बंद झाला. परत आली तर हँडसेटही चालू होईना. नवा फोन घेतला, नवं सिम घेतलं, आणि तिला काकांचे फोटो बघायचे होते. शेवटच्या सहा-सात वर्षांचे सगळे फोटो तिच्या ऑनलाइन खात्यात आहेत. पासवर्ड तिच्या डायरीत, तिच्याच अक्षरात लिहिलेला. मी स्वतः टाकून पाहिला. पासवर्ड बरोबर आहे, असंच पडद्यावर आलं. पण त्याखाली लिहिलं होतं की जुन्या नंबरवर कोड पाठवला आहे.

मावशीने त्या नंबरवर फोन लावला. एका तरुण मुलाने उचलला. नंबर आता त्याच्या नावावर होता. तिने त्याला सगळं सांगितलं, रडलीही. तो शांतपणे म्हणाला, "आजी, मला वाईट वाटतंय, पण ओटीपी कुणाला सांगायचा नसतो." आणि त्याने फोन ठेवला.

त्या मुलाचं काहीही चुकलेलं नाही. बँका, पोलीस, रेडिओ, सगळ्यांनी मिळून गेली पंधरा वर्षं त्याला हेच शिकवलं, आणि तो ते शिकला. चूक कुठे आहे तर मावशीच्या खात्याची दुसरी किल्ली तिच्या हातात कधी नव्हतीच, तिथे. ती किल्ली म्हणजे मोबाइल नंबर. नंबर आपला वाटतो, सगळीकडे आपण तो लिहून देतो, पण तो टेलिकॉम कंपनीकडून भाड्याने घेतलेला असतो. भाडं थकलं की तो जातो, आणि साधारण नव्वद दिवसांनी दुसऱ्याला मिळू शकतो. लॉकरची आपली किल्ली एखाद्या तिऱ्हाइताकडे ठेवावी आणि त्याने ती पुढच्या भाडेकरूला देऊन टाकावी, तसं हे आहे.

आपल्याकडे या दुसऱ्या किल्लीची सक्ती कशी आली तेही बघू. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००९ मध्ये परिपत्रक काढलं आणि त्या वर्षीच्या १ ऑगस्टपासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जास्तीची एक पडताळणी सक्तीची केली. तेव्हा अमेरिकेत नुसता कार्ड नंबर टाकून खरेदी होत होती. आपण त्यांच्या पुढे होतो, आणि बँकेतला माणूस म्हणून मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे. चोरलेल्या कार्ड नंबरावर सर्रास खरेदी करणं इथे अवघड झालं ते त्या निर्णयामुळे. गुगलने २०२१ मध्ये पंधरा कोटींहून जास्त खात्यांना दुसरा टप्पा आपणहून लावला आणि त्या खात्यांमधली घुसखोरी निम्म्याने घटल्याचं पुढच्या फेब्रुवारीत जाहीर केलं. हे आकडे नाकारून मला पुढे जायचं नाही.

पण २००९ मध्ये जो दुसरा टप्पा आला, तो हळूहळू एसएमएसवर येऊन थांबला. कारण सोपं आहे, मोबाइल सगळ्यांकडे होता आणि बँकेला वेगळं यंत्र वाटावं लागलं नाही. एसएमएस ज्या जाळ्यातून जातो, त्यातल्या एसएस-सेव्हन या व्यवस्थेची आखणी १९७०च्या दशकातली, मोजक्या दूरध्वनी कंपन्या एकमेकींवर विश्वास ठेवून काम करत होत्या त्या काळातली. २०१७ मध्ये जर्मनीत चोरांनी याच व्यवस्थेतून लोकांचे कोड आपल्याकडे वळवले आणि बँक खाती रिकामी केली. त्याच्या आदल्या वर्षीच अमेरिकेच्या 'निस्ट' या प्रमाणसंस्थेने आपल्या मसुद्यात एसएमएसवर विसंबू नका असं सुचवलं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये खुद्द ट्विटरच्या प्रमुखांचं, जॅक डॉर्सी यांचं ट्विटर खातं त्यांचा फोन नंबर बळकावून ताब्यात घेतलं गेलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या नंबराची ही गत, तर आपल्या गल्लीतल्या माणसाचं काय?

आपल्याकडे तर एवढंही करावं लागत नाही. चोर फोन करतो, वीज तोडणार म्हणतो, पार्सल अडकलंय म्हणतो, आणि कोड विचारतो. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिकेच्या नावाने एक फाइल येते. ती उघडून अ‍ॅप बसवलं की ते तुमचे मेसेज वाचून तिकडे पाठवतं. त्या सहा अंकांना कोण मागतंय हे कळत नाही. बँकेने विचारले काय आणि चोराने विचारले काय, अंक तेच.

आणि मग येतो तो मुद्दा, ज्यासाठी मी आज उभा आहे. नुकसान कुणी सोसायचं? ६ जुलै २०१७ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे, ते प्रत्येकाने माहीत करून घ्यावं. चूक ना बँकेची ना तुमची, आणि बँकेकडून कळल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही तक्रार केली, तर तुमच्यावर शून्य भार. चांगला नियम आहे. पण तुमचा निष्काळजीपणा असेल, म्हणजे तुम्ही पिन किंवा कोड दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे. काउंटरवर मात्र मी काय ऐकत आलो? "ओटीपी पडलाय म्हणजे तुम्हीच दिला असणार." एवढ्या एका वाक्यावर म्हातारी माणसं परत फिरताना मी पाहिली आहेत. काही वेळा ते वाक्य मी स्वतः बोललो आहे, आणि त्याचं मला आज वाईट वाटतं.

लॉकरची तुलना इथेही लागू पडते. २०२२ पासून नियम असा आहे की आग लागली, चोरी झाली, कर्मचाऱ्याने अफरातफर केली, तर बँक वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत भरपाई देते. दोन किल्ल्यांची पद्धत बँकेने ठरवली, म्हणून काही भार बँकेनेही उचलला. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यावी लागते, आणि तीही ग्राहकाने फसून स्वतःच्या हाताने पैसे पाठवले असतील तेव्हा. पैसे पाठवणारी बँक आणि स्वीकारणारी बँक, दोघींनी निम्मं निम्मं. तिथल्या बँकांना आता खोटं खातं उघडू देणं परवडत नाही. सक्ती करणाऱ्याला नुकसानाची झळ लागली की व्यवस्था कशी सुधारते, ते असं.

राजगड-तोरण्याच्या पायथ्याची खोरी तुम्हाला माहीत आहेत. तिथे आमचे काही जुने खातेदार आहेत. घरात रेंज नाही, म्हणून मुलगा फोन घेऊन टेपावर चढतो. कोड येतो, तो धावत खाली येतो, तोवर मुदत संपलेली. दुसरीकडे आपली न्यू जर्सीतली, सिंगापूरमधली मुलं. इथल्या खात्याचा कोड तिथे मिळावा म्हणून वर्षानुवर्षं इथलं सिम रिचार्ज करत बसतात. जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांतल्या नंबरांवर यूपीआय वापरायला परवानगी मिळाली, तेवढीच त्यांची सोय झाली.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला एक निकाल दिला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. अ‍ॅसिड हल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्ती आणि अंध व्यक्ती न्यायालयात गेल्या होत्या. ऑनलाइन ओळख पटवताना यंत्र त्यांना 'डोळे मिचकावा' म्हणत होतं. न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा मिळणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि पर्यायी पद्धती द्याव्या लागतील. तो निकाल केवायसीबद्दलचा आहे. माझ्या मते तोच न्याय टेपावर चढणाऱ्या मुलाला आणि माझ्या मावशीलाही लागू व्हायला हवा.

काही गोष्टी बदलताहेत. रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२५ चे निर्देश १ एप्रिल २०२६ पासूनच्या व्यवहारांसाठी आहेत. दोन टप्पे कायम, पण दुसरा टप्पा एसएमएसच असला पाहिजे असं नाही. आणि हे निर्देश न पाळता झालेल्या व्यवहारात नुकसान झालं, तर बँकेने कुरकुर न करता पूर्ण भरपाई द्यायची. पासकी नावाची नवी पद्धत आहे, तिच्यातली किल्ली ठरावीक संकेतस्थळालाच ओळखते. चोराने हुबेहूब बनावट पान केलं तरी ती तिथे लागतच नाही. मला ती आवडते. पण तीही बऱ्याचदा फोनमध्ये किंवा आपल्याच एखाद्या ऑनलाइन खात्यात राहते, आणि फोन बुडाला, चोरीला गेला तर काय, हा प्रश्न तसाच उरतो.

म्हणून आज घरी गेल्यावर एक काम करा. आपल्या मुख्य ऑनलाइन खात्याच्या, म्हणजे ईमेलच्या, सेटिंगमध्ये जा आणि बॅकअप कोड मागून घ्या. कोडांची एक यादी येते, प्रत्येक कोड एकदाच चालतो. ती कागदावर उतरवा आणि फिक्स्ड डिपॉझिटच्या पावत्या जिथे ठेवता तिथे ठेवा. घरातल्या एका माणसाला जागा सांगा. मुलाचा किंवा मुलीचा नंबर दुसरा नंबर म्हणून नोंदवा. जुना नंबर बंद पडण्याआधी, एकेक खातं आठवून, नवा नंबर द्या. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेला लेखी कळवा, पोच घ्या.

मावशीला यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. आता आम्ही एक पिशवी तयार केली आहे. तिचं आधार कार्ड, बंद पडलेला हँडसेट, तो घेतल्याची पावती, जुन्या नंबरची बिलं, आणि काकांबरोबरचा एक छापील फोटो, जो त्या खात्यातही आहे. आमच्या शाखेत एवढं घेऊन कुणी आलं असतं तर मी लॉकर फोडायचा अर्ज पुढे केला असता. ही पिशवी कोणत्या काउंटरवर न्यायची ते सांगणारा माणूस त्या कंपनीत आम्हाला अजून भेटलेला नाही. मावशी दर आठवड्याला फोन करून विचारते, "काही कळलं का रे?"