दुरून दिसलेली भामिनी

नमस्कार, श्रोतेहो.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात चित्रकार गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत. एकात ते पुरुषवेषात, दुसऱ्यात स्त्रीवेषात. माणूस एकच, पण माझे पाय दुसऱ्यापाशीच रेंगाळतात. त्या काळच्या प्रेक्षकांचं तर काय झालं असेल!

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच आपले बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि स्त्रीभूमिका करू लागले. तेव्हा घरंदाज घरातल्या बायका रंगमंचावर उभ्या राहत नसत, त्या बघायला येत. आणि बघून घरी गेल्या की आरशापुढे उभ्या राहत. नऊवारी कशी चापूनचोपून बसवायची, अंबाड्यावर गजरा कुठे माळायचा, हे त्या शिकल्या एका पुरुषाकडून. हळदीकुंकवाला एकीनं तशी वेणी घातली की दुसरीला हेवा.

मराठीत हा ‘हेवा’ शब्द मोठा सोयीचा आहे. ‘हेवा वाटावा असं रूप’ ही तक्रार नाही, कौतुक आहे. मत्सरात जी ठिणगी असते ती हेव्यात विझत आलेली असते. पण पूर्ण विझलेली नसते, बरं का!

आता गंमत पाहा. शेजारणीच्या पाटल्यांचा हेवा वाटला तर निदान तशा पाटल्या घडवता येतात. इथे जिचा हेवा वाटत होता ती बाई अस्तित्वातच नव्हती. पडदा पडला, रंग पुसला की ती संपली. पुरुषांना तिची ओढ, बायकांना तिच्यासारखं होण्याची. दोघांच्याही हाती काही लागायचं नाही.

नाटककार खाडिलकरांचं ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर आलं. त्याच दिवशी गंधर्वांची लहान मुलगी गेली, तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही हकिगत आपण ऐकलेली आहेच. नाटकातली भामिनी श्रीमंताघरची. धैर्यधर शूर, पण गरीब, म्हणून ती त्याला नाकारते. समोर दागिन्यांनी मढलेला भित्रा लक्ष्मीधर. नाटक संपत्तीची टर उडवतं, आणि प्रेक्षक मात्र भामिनीच्या शालूवरून नजर काढत नाहीत! खाडिलकरांना हे दिसत नसेल असं मला वाटत नाही.

१९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. उंची शालू, अत्तरं, भारी पडदे. खर्चाला हिशेब राहिला नाही, कर्ज वाढलं. लोक याला उधळेपणा म्हणतात. मला वाटतं, प्रेक्षकांना जी बाई हवी होती तीच त्यांनाही हवी होती, आणि कितीही मोती घातले तरी ती थोडी पुढेच उभी असायची.

मग बोलपट आला. १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’त ते संत एकनाथ झाले, पुरुषवेषात. १९३७ मध्ये ‘साध्वी मीराबाई’त पुन्हा स्त्री. वय पन्नाशीला टेकलेलं. थिएटरात पहिली रांगसुद्धा चार हात लांब असते. कॅमेरा मात्र थेट गालापर्यंत आला, आणि त्याला सगळं दिसलं.

गंधर्व परत नाटकाकडे गेले. शालू नेसून, अंतर राखून.