सिलिकॉनवर काही चिकटतच नाही!

माइक येतोय ना मागे? बरं. मला 20 मिनिटं दिलीत, त्यातली 5 प्रोजेक्टरने खाल्ली, तेव्हा पटापट जातो. विषय असा, शरीरात बसवायच्या सिलिकॉनवर लेप कसा द्यायचा आणि टिकवायचा. आधी एक, हा चिपमधला सिलिकॉन नाही, बाळाच्या बाटलीचं निपल असतं ना, तो रबरासारखा. मराठीत दोघांचं नाव एकच, त्यामुळे माझ्या पुतण्याला अजून वाटतं काका कॉम्प्युटरवाले होते.

तर हा शरीरात गेल्याची एक गाजलेली गोष्ट 1956 च्या सुमारासची. फिलाडेल्फियाचा जॉन होल्टर, कुलपांच्या कारखान्यातला तंत्रज्ञ, त्याच्या बाळाच्या डोक्यात पाणी साठायचं म्हणून त्याने स्वतः सिलिकॉनचा व्हॉल्व्ह केला. डॉक्टर नव्हता हां तो, बाप होता.

सिलिकॉन टिकतो भारी, पण अळूचं पान आहे, पाणी थांबतच नाही, मग लेप काय थांबणार. म्हणून लॅबमध्ये प्लाझ्मा मारायचा (रक्तातला नाही हां, विजेने भारलेला वायू), मग पृष्ठभागावर पाण्याला ओढणारे ओएच ग्रुप येतात आणि पाणी मस्त पसरतं. आमच्या लॅबमध्ये मी एका शुक्रवारी हे केलं, फोटो काढले, सरांना दाखवले, सर खूश, मीही खूश, वीकेंडला गावाला गेलो, सोमवारी येऊन बघतो तर थेंब परत टुणकन गोल! सर म्हणाले, फोटो कुठल्या सॅम्पलचे होते? आता काय सांगणार. झालं काय, की सिलिकॉनच्या साखळ्या फार वळवळ्या, उणे 120 अंशांपर्यंतही पुरत्या गोठत नाहीत, त्या ओएचला आत ओढून घेतात आणि आतले सुटे छोटे रेणू वर येऊन बसतात. रंग लावला आणि भिंतच उलटी फिरली, असं. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, कोणता लेप द्यायचा यावर सगळे भांडतात, तो धरून कसा ठेवायचा ते आधी बोला.

चिठ्ठी आली, 3 मिनिटं. अहो, मुख्य विषय राहिलाय!

तर बघा, सिलिकॉन आत गेला की काही सेकंदांत रक्तातली प्रोटीन्स त्यावर बसतात, मग मॅक्रोफेज, म्हणजे परकं दिसेल ते खाणाऱ्या पेशी, येतात, शेवटी भोवती तंतूंची पिशवी होते. म्हणून वरून ओळखीचं काहीतरी द्यायचं. कोलॅजेन, म्हणजे आपल्या कातडीतलं प्रोटीन, दिलं तर पेशी धरून बसतात. हायलुरॉनिक ॲसिड, आपल्या सांध्यांत असतं ते, पाणी धरतं, त्यामुळे प्रोटीन्स कमी चिकटतात. हेपॅरिनने रक्ताच्या गुठळ्या कमी होतात (ते डुकराच्या आतड्यातून काढतात, जेवणाआधी सांगायला नको होतं). कायटोसान म्हणजे आपल्या कोळंबीची सालं, त्याचा पॉझिटिव्ह चार्ज बॅक्टेरियांना सोसत नाही. आणि हायलुरॉनिक निगेटिव्ह, म्हणून दोघांचे थर एकावर एक चढवता येतात. पण खाली हुक पाहिजे, म्हणजे प्लाझ्मानंतर सोमवारची वाट न बघता लगेच अमिनो सिलेन, म्हणजे एका टोकाने सिलिकॉनला धरणारा छोटा रेणू, मग त्याच्या दुसऱ्या टोकाला लेप केमिकल बाँडने बांधायचा. नाहीतर पॉलिडोपामिन नावाचा चिकट थर, 2007 चं, शिंपल्यांकडून शिकलेलं, ओल्यातही चिकटतं.

कॅथेटरचं, म्हणजे शरीरात घालायच्या नळीचं, राहिलंच. ते चहाच्या वेळी विचारा, मी भज्यांच्या टेबलापाशी असेन.