सुतक कुणाला, तपासणी कुणाची

[दृश्य : पाऊस ओसरलेला. सिंधुदुर्गातली एक वाडी. चिऱ्याचं घर, पुढे खळं, खळ्यात टेकलेली चार-पाच माणसं.]

वाडीवर कुणी गेलं की रडण्यामागोमाग एक हिशेब सुरू होतो. सुतक कुणाकुणाला? भाऊबंदांना दहा दिवस. सात पिढ्यांमागचा मूळपुरुष एक, म्हणून लालबागला जन्मलेला, गावात दोनदाच आलेला चुलत-चुलत भाऊसुद्धा त्यातून सुटत नाही. घरात आलेल्या सुना तर आहेतच. आणि सख्खी लेक, कुडाळला दिलेली? तिला तीन दिवस. तिच्या मुलांचा बऱ्याच घरांत कुणी विचारही करत नाही.

घराघरात थोडं इकडेतिकडे होतं, पण रीत हीच. ती इथे सांगायचं कारण असं, की काही घरांत मरणाचं कारण रक्तातूनच आलेलं असतं. आणि रक्ताची वाटणी वेगळ्या हिशेबाने होते.

[दृश्य : माजघराच्या भिंतीवरचे हार घातलेले फोटो.]

या फिल्मसाठी आम्ही एक घर बेतलंय. त्यातले आजोबा 46व्या वर्षी गेले. मोठे काका 41व्या. वडलांना 44व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला, ते गोव्याला बांबोळीच्या मोठ्या इस्पितळापर्यंत पोचले म्हणून वाचले. यातल्या प्रत्येकाबद्दल खळ्यात एकच वाक्य ऐकू येतं : "तेका कायच नाय होता. चाय घेतल्यान, आडवो झालो, तो उठलोच नाय." मग कुणीतरी हळूच म्हणतं, घराण्याक कायतरी आसा. देवळात कौल लावला जातो, गाऱ्हाणं घातलं जातं, राखण दिली जाते. त्यात हसण्यासारखं काही नाही. तीन पिढ्यांतली मरणं एका दोऱ्यात ओवलेली आहेत, हे त्या माणसांनी अचूक ओळखलेलं असतं. फक्त रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल कुणी मोजलेलं नसतं.

[दृश्य : यकृताचं रेखाचित्र. त्यावरून ॲनिमेशन.]

कोलेस्टेरॉल म्हटलं की बोट ताटाकडे जातं. ओल्या खोबऱ्याचं वाटप, खोबरेल, कोळंबी. पण शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं. ते रक्तातून एलडीएल नावाच्या कणांत बसून फिरतं आणि काम झालं की यकृताने ते परत घ्यायचं असतं. खाडीत फिरणाऱ्या होड्या आणि काठावरचे धक्के डोळ्यांसमोर आणा. यकृताच्या पेशींवर असे धक्के असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. ते बांधायचा नकाशा 19व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असतो. प्रत्येकाकडे त्या जनुकाच्या दोन प्रती, एक आईची, एक वडलांची. त्यातली एक बिघडलेली आली की धक्के निम्मेच उभे राहतात. होड्या रक्तातच घुटमळतात, आणि धमन्यांच्या भिंतीत कोलेस्टेरॉलचा गाळ साचू लागतो. चाळिशीत नव्हे, जन्मल्यापासून.

याचं नाव फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. डॉक्टर थोडक्यात एफएच म्हणतात. 1970च्या दशकात मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांनी डॅलसमध्ये अशा रुग्णांच्या त्वचेतल्या पेशी वाढवून हे रिसेप्टर शोधले. 1985 साली त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं.

जगभरचा अंदाज साधारण 250 माणसांत एक असा आहे. 2011च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास होती. तो अंदाज इथे लावला तर एकट्या या जिल्ह्यात तीन हजारांवर माणसं निघतील. उपचार न झालेल्या एफएचच्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना पन्नाशीपर्यंत हृदयविकार गाठतो, आणि बायकांपैकी सुमारे तीस टक्क्यांना साठीपर्यंत.

[दृश्य : अगदी जवळून, पाय. टाच आणि पोटरी यांच्यामधला भाग.]

कॅमेरा इथे थांबवू. टाचेला पोटरीशी बांधणारी ही जाड दोरी. चिमटीत धरली तर एरवी सडसडीत लागते आणि तिच्या दोन्ही बाजूंना खळगा दिसतो. एफएच असलेल्या या बाईची बघा : फुगलेली, गाठाळ, खळगे भरून आलेले. आत कोलेस्टेरॉल साचलंय. हाताच्या बोटांच्या मागच्या अशाच दोऱ्यांवरही गाठी येतात. डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढुरकं कडं पंचेचाळिशीच्या आत दिसलं, तर तीही खूण. मात्र या खुणा दिसल्या नाहीत म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. पुष्कळांना त्या येतच नाहीत.

खरा आकडा रिपोर्टमध्ये असतो. मोठ्या माणसाचं एलडीएल 190 किंवा त्याच्या वर आणि घरात कमी वयातला हृदयविकार, एवढ्यावर डॉक्टर एफएचचा संशय घेतात. थायरॉइड मंदावली तरी एलडीएल चढतं, म्हणून तीही तपासतात. जनुकाची महागडी चाचणी प्रत्येकाला लागतेच असं नाही.

[दृश्य : वंशावळीचा जुना कागद. मूळपुरुष, त्याखाली मुलगे, नातू, पणतू.]

आता हा कागद. कोकणात वंशावळ जपून ठेवतात. कित्येक घराण्यांचे तर छापील कुलवृत्तांत आहेत. त्यातल्या जन्म-मृत्यूच्या तारखा डॉक्टरच्या दृष्टीने सोनं आहेत. पण जुन्या कागदात मुलींच्या फांद्या बहुधा शोधूनही सापडत नाहीत. दिल्या घरी गेल्या, विषय संपला. जनुकाचा मात्र संपत नाही. एफएच असलेल्या बापाकडून ते मुलाकडे जाण्याची शक्यता जितकी, तितकीच मुलीकडे : निम्मी. त्याच्या सख्ख्या भावंडांना तेवढीच, पुतण्या-भाच्यांना पाव, चुलत-आते भावंडांना आठवा हिस्सा. तीन दिवसांच्या सुतकाची लेक या यादीत अगदी वर येते, आणि ती बाधित निघाली तर तिची मुलंही. दहा दिवस पाळणाऱ्या सुनेला नवऱ्याकडून काही मिळालेलं नसतं. सात पिढ्यांपलीकडच्या भाऊबंदाची शक्यता तर गावातल्या कुणाही परक्या माणसाइतकीच उरते.

मामाच्या मुलीशी लग्नं जिथे होतात, तिथे आणखी एक धोका असतो. आईबाप दोघांकडेही तीच बिघडलेली प्रत असेल, तर दर मुलामागे चारात एक शक्यता अशी की दोन्ही प्रती बिघडलेल्या येतील. अशा मुलांचं एलडीएल पाचशेच्या घरात जाऊ शकतं आणि झटका विशीच्या आत येऊ शकतो. हे दुर्मीळ आहे, पण असं मूल ताबडतोब मोठ्या केंद्रात न्यावं लागतं.

[दृश्य : चुलीवरचं माशाचं कालवण.]

ताटाचं काय? खोबरेलातली चरबी बहुतांशी संपृक्त असते आणि ती एलडीएल वाढवते, हे मान्य करायला हवं. कोळंबीत कोलेस्टेरॉल असतं, संपृक्त चरबी कमी. हात आखडता घ्यावाच. तंबाखू, मिश्री, सिगारेट तर सोडायचीच. पण एफएचवाल्याने नुसतं खोबरं सोडून आकडा ताळ्यावर येत नाही, आणि सोलकढी स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीची, जागा घेत नाही.

स्टॅटिनचं मूळ, गंमत म्हणजे, तांदळावरच्या बुरशीत आहे. अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाने हजारो बुरश्या तपासल्या. क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत त्यांना 1973 साली हवं ते सापडलं. या गोळ्यांमुळे यकृत जास्त धक्के बांधतं. एलडीएल पुरेसं उतरलं नाही तर एझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडतात, आणि त्यापुढे इंजेक्शनं आहेत. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी सोडणारे गावोगाव भेटतात. रिपोर्ट गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो! गर्भारपणात ही गोळी साधारणपणे थांबवतात, तेव्हा दिवस राहायचा विचार असेल तर लेकी-सुनांनी डॉक्टरांशी आधीच बोलावं.

सगळीच आनुवंशिकता एवढी ठळक नसते. पुष्कळांत अनेक जनुकांचा थोडाथोडा भार असतो. लायपोप्रोटीन लिटल-ए नावाचा आणखी एक कण जवळजवळ पूर्णपणे वारशाने ठरतो आणि पथ्याने फारसा हलत नाही. तो आयुष्यात एकदा तरी मोजावा, असं भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 साली सांगितलंय.

[दृश्य : तुतारी एक्सप्रेस सावंतवाडी रोडला थांबते. चाकरमानी उतरतात.]

एकात एफएच सापडलं की त्याच्या जवळच्या नातलगांना ओळीने तपासायचं, ही जगभरची पद्धत. परदेशात त्यासाठी परिचारिका पत्रं पाठवतात, फोन करतात. आपल्याकडे गणपतीला अख्खं गोत आपणहून एका छपराखाली येतं, आणि गौरीच्या निमित्ताने माहेरवाशिणीही. त्यातल्या दोन-तीन दिवसांत तालुक्याच्या लॅबचा माणूस घरी बोलावता येतो. घरात एफएच ठरलेलं असेल तर आठ-दहा वर्षांच्या मुलांचंही रक्त द्यायचं. उपाशी राहायची गरज नाही. मोदक खाल्ल्याने एलडीएल फारसं हलत नाही, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी तेवढी चढते. ती फार जास्त निघाली तर तेवढ्यांनी पुन्हा, या वेळी उपाशीपोटी.